खोचलेला शर्ट, टाचलेली फाईल

नेट झाली, सेट झाली, पीएच.डी.चा व्हायवा होऊन पेढेही वाटून झाले, म्हणजे आपण प्राध्यापक झालो असा समज तरुण मंडळींनी करून घेऊ नये. प्राध्यापक व्हायला दोनच गोष्टी लागतात : खोचलेला शर्ट आणि टाचलेली फाईल. विषयाचं ज्ञान असेल तर उत्तमच. नसलं तरी त्यावाचून कोणाचं अडलेलं पाहण्यात नाही.

आधी कपड्यांचं बोलू. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये शाळेतल्या शिक्षकांसाठी पेहरावाचे नियम काढले. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक नक्षी नको आणि पुरुषांचा शर्ट खोचलेलाच हवा. महाविद्यालयांना हे नियम लागू नाहीत. लागू करायची गरजच नाही, कारण आपल्याकडे स्टाफरूम आहे. नव्या मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये आल्या तर 'घालू नका' असं कोणीही म्हणत नाही. 'आज साडी नाही का मॅडम?' एवढंच विचारतात. रोज विचारतात, आणि आळीपाळीने विचारतात. आठवड्याच्या आत साडी येते.

सरांची अडचण वेगळी. जीन्समधल्या तरुण सरांना गेटवरचे मामा आधी आयकार्ड मागतात आणि मग ॲडमिशनची रांग कुठे आहे ते प्रेमाने दाखवतात. यावर उपाय तीन : चौकटीचा शर्ट, खिशाला पेन आणि जरा पोट. पहिले दोन बाजारात मिळतात. तिसरं पर्मनंट झाल्यावर आपोआप येतं.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या बांधवांनी रंगाची निवड विशेष जपून करावी. सकाळचे तास एका तालुक्याला, दुपारचे दुसऱ्या. पॅन्ट गडद घेतली तर खडूची भुकटी दिसते, फिकट घेतली तर एस.टी.चं सीट दिसतं. करडा रंग दोन्ही पचवतो. शिवाय मानधन निघेपर्यंत तीच पॅन्ट पुरवायची असते, आणि दिवाळीचं मानधन कधी कधी होळीला निघतं. तेव्हा कापड बघून घ्या, फॅशन बघून नको.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचाराल. फोटोसाठी. कार्यक्रम झाला की नाही हे आता फोटो ठरवतो, तोही जिओटॅग. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. महाविद्यालयाचं पंचांगच तसं आहे : ५ सप्टेंबर शिक्षक दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि घाम पुसायच्या आत २८ ला विज्ञान दिन. सत्तावीसला नेहरू शर्ट आणि फेटा, अठ्ठावीसला पांढरा ॲप्रन. माणूस तोच, पोर्च तोच, समोर बसवलेली मुलंही तीच. पुढच्या दोन रांगा भरल्या की पुरे, कॅमेरा त्यांच्या मागे जात नाही. वाचन प्रेरणा दिनाला हातात पुस्तक धरावं लागतं, ते सुलटं धरावं. नाही तर उलटंच अहवालात छापून येतं.

आणि कृपा करून शर्ट बदलत चला. वर्षभराच्या अहवालात एकच निळा शर्ट पाच फोटोंत दिसला, तर बाहेरून आलेल्या समितीला वाटतं की पाचही कार्यक्रम एकाच दुपारी उरकले. तारीख खाली छापलेली असते खरी, पण समितीतली मंडळीही प्राध्यापकच. हवी ती तारीख छापणारे ॲप त्यांच्याही मोबाइलमध्ये असतात.

आता फाईल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाने आठवड्याला किमान ४० तास काम करायचं आणि सहायक प्राध्यापकाने त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं. उरलेल्या २४ तासांत तो वाचेल, संशोधन करेल, मुलांशी बोलेल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असावं. ते २४ तास पंचिंग मशीनचे आहेत. १९९४ साली बंगळुरूला महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक स्थापन झाली, तिने सात निकष दिले, आणि प्रत्येक निकषाला आपण कपाटाचा एकेक कप्पा दिला. टीचिंग प्लॅन, मेंटॉर-मेंटी, सीओ-पीओ मॅपिंग, स्लो लर्नरची यादी, ॲडव्हान्स्ड लर्नरची यादी. दोन्ही याद्यांतली मुलं त्या वेळी कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर असतात, हा भाग वेगळा.

विद्यार्थ्यांच्या फीडबॅकची फाईल तर नमुना म्हणून बघण्यासारखी. 'ग्रंथालयातला पंखा फिरत नाही' असं एक पोरगं लिहितं. त्याचं विश्लेषण होतं, पाय-चार्ट निघतो, बैठक होते, इतिवृत्त लिहिलं जातं. शेवटी ॲक्शन टेकन रिपोर्टमध्ये ओळ येते : 'सदर बाब संबंधितांच्या निदर्शनास आणून दिली.' रिपोर्टवर सही, शिक्का, जावक क्रमांक. पंखा सोडून सगळं फिरतं.

फाईलमधून काही काढून टाकायचा मोह मात्र आवरा. यूजीसीने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, तेव्हा यादीतल्या नियतकालिकात लेख छापून यावा म्हणून लोकांनी झोप सोडली. २०२५ मध्ये यादीच बंद झाली. नियतकालिक यादीत होतं हे दाखवणारे स्क्रीनशॉट तरीही जपून ठेवा, रंगीत प्रिंट काढून. उद्या कोण काय मागेल याचा नेम नाही.

नॅकची समिती आली की कपडे आणि फाईल यांचं मीलन होतं. रांगोळी, लेझीम, फेटे, आणि सगळ्या स्टाफला एका रंगाचे ब्लेझर. मे महिन्याच्या उन्हात ब्लेझर घालून उभा असलेला माणूस व्यावसायिक दिसतो की नाही सांगता येत नाही, गंभीर नक्की दिसतो. फाईल विचारली की ती आणून द्यायला सीएचबीवाला पळतो, कारण कोणता कागद कुठे आहे हे त्यालाच ठाऊक. रात्र रात्र बसून त्यानेच सगळ्या फायली लावलेल्या असतात. दुसऱ्या निकषात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती भरले, असा प्रश्न असतो. तो तक्ताही त्यानेच बनवलेला. रिकाम्या जागांची यादी रिकाम्या जागेवर राबणाऱ्या माणसानेच टाइप करायची, समासही नीट सोडायचा.

पुढे कधी तरी त्या जागेची जाहिरात येते. खरं वेतन सुरू होतं ५७,७०० पासून, त्यामुळे या दिवसासाठी ठेवणीतला शर्ट हवाच. प्रमाणपत्रं क्रमाने लावलेली, प्रत्येकावर रंगीत फ्लॅग, लेखांची अनुक्रमणिका. शिस्तीत कुठे नाव ठेवायला जागा नाही. तज्ज्ञ पानं उलटतात, 'व्हेरी नीट' म्हणतात आणि चहा घेतात. काही संस्थांत मात्र फाईल कितीही जाड असली तरी तिच्यावर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही, आणि ते वजन कोणत्या निकषात धरायचं हे नॅकने अजून सांगितलेलं नाही. निवड नाही झाली तर खचू नका. जूनमध्ये सीएचबीच्या मुलाखती असतातच. फाईल तयार आहे, शर्टाला तेवढी इस्त्री मारा.