फायनल झालेला माणूस

‘मी फायनलला आहे’ हे वाक्य प्रस्तुत लेखक ऐन उमेदीत अशा थाटात म्हणायचा, की ऐकणाऱ्याला रणजी करंडकाची आठवण व्हावी. चंद्रपुरात ते खपायचं. नागपूर विद्यापीठाच्या मुलखात बी.ए. भाग एक, भाग दोन आणि मग फायनल. पुढे २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं तिकडे गेली. फायनल मात्र लोकांच्या तोंडून हलली नाही.

पुण्यात खोली बघायला गेल्यावर घरमालक आजोबांना लेखकाने तेच ऐकवलं, “फायनल झालीय.” आजोबा कळवळले. “मग मास्तरकी का नाही धरलीस?” मुंबई इलाख्यात सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, आणि ती पास झालेला गावचा गुरुजी होऊ शकायचा. आजोबांच्या लेखी समोरचा पदवीधर सातवी पास होता. “अहो, म्हणजे टीवाय!” असं नातवाने सांगितलं, तेव्हा खोली मिळाली. पदवीचा रुबाब मात्र दोन अक्षरांवर आला.

त्यातल्या त्यात बरं, आजोबांनी बालपणीची शाळा विचारली नाही. लेखकाने ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं असतं. चंद्रपुरात इंग्रजी अक्षरं गिरवायला लावणारी कुठलीही खोली कॉन्व्हेंट असते. संत, देव, देशभक्त, संस्थाचालकाच्या मातोश्री, कुणाच्याही नावापुढे तो शब्द बिनदिक्कत लागतो. शब्दाचा अर्थ जोगिणींचा मठ, पण जोगीण औषधालाही सापडत नाही. सापडतात त्या डबा उघडून देणाऱ्या मावशी. तिथे केजी वन, केजी टू. मुंबईत तेच ज्युनिअर केजी, सिनिअर केजी, आणि मराठी शाळेत छोटा शिशू, मोठा शिशू. फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मुलांची बाग होती. त्या बागेतली रोपं चंद्रपूरच्या एप्रिलात गळ्यात टाय बांधून उभी करायची, हे त्याला सुचलं नव्हतं. ताराबाई मोडकांनी अंगणात भरणारी अंगणवाडी काढली. पण अंगणवाडीत गेलो होतो, असं लेखकाने चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. गेला तिथेच होता.

१९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली आणि महाराष्ट्रातली अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’ झाली. मिसरूड फुटायच्या आत पोरगा कॉलेजकुमार! गडचिरोलीतल्या सिरोंचाहून गोदावरी ओलांडली की तो तेलंगणात ‘इंटर फर्स्ट इयर’ला असतो. भामरागडकडून छत्तीसगडात गेला तर बारावीपर्यंत शाळेतच, युनिफॉर्मात. न्यू जर्सीतल्या भाचीने फोनवर “मी कॉलेजात ज्युनिअर आहे” म्हटलं, तेव्हा लेखकाने तिला अकरावीचा अभ्यास मनावर घ्यायला सांगितलं. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती.

चंद्रपूरच्याच जिवती तालुक्यात ही गंमत एवढी स्वस्त राहत नाही. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली म्हणतात अशी १४ गावं तिथे आहेत. दोन सरकारं, दोन रेशनकार्डं, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. काही घरांत बोली तिसरीच, गोंडी नाहीतर बंजारा. पोराने पुढे ज्युनिअर कॉलेज म्हणायचं की इंटर, यावरून दाखल्यासाठी कोणत्या राज्याच्या खिडकीपुढे उभं राहायचं ते ठरतं. दोन सरकारं हक्क सांगायला हजर आहेत. पोराची शिकवणी घ्यायला त्यांतलं कोण किती हजर असतं, हे विचारल्यावर लेखकालाच राग येतो, आणि रागात त्याचा विनोद बिघडतो.

तिकडच्याच एका गावात पारावर बसलेल्या आजीने लेखकाला विचारलं, “तुम्ही कितवा वर्ग शिकले जी?”

एम.ए. सांगून उपयोग नव्हता. लेखकाने बोटांवर हिशेब केला. दहा, दोन, तीन, दोन. “सतरावा,” तो छाती काढून म्हणाला.

“सतरा? बाप्पा!” आजी हळहळली. “मंग किती डाव नापास झाले?”