तांबड्या रश्शाला सवत आली हो!

ऐकलंत का? नाही? म्हणजे पुण्याच्या चांदणी चौकापलीकडे तुमचं कुणी राहत नाही असं दिसतंय. अहो, मुळशीतल्या एका बंगल्यावर गटारीला म्हणे तांबडा रस्सा शिजलाच नाही. वडे तळले नाहीत, सुकं परतलं नाही. बाहेर ताम्हिणीचा पाऊस, आत चाळीस माणसं भुकेली आणि पातेल्यात काय, तर पोसोले! नाव घेतानाच जीभ अडखळते, खाताना काय होत असेल देव जाणे.

एकच बंगला असता तर एखाद्या घरचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण पिरंगुट ओलांडून पौडच्या दिशेनं निघालं की जी फार्महाऊसं लागतात (फार्म नावाला आणि हौस गावाला), तिथे हे लोण पसरत चाललंय अशी पक्की खबर आहे. खबर कुठून? तिथे चूल पेटवायला जाणाऱ्या मावशींकडून. त्यांच्याहून खात्रीचं वृत्तपत्र सबंध तालुक्यात निघत नाही.

बरं, नुसते नाचोज असते तर कुणी तोंडातून ब्र काढला नसता. त्या तिकोनी चिपांना आणि वरच्या पिवळ्या चीजला आपण केव्हाच माफ केलंय. पण या मंडळींना आता 'खरं' मेक्सिकन हवंय. गावजेवणाच्या पातेल्यातलं, रात्रभर शिजणारं, खाल्ल्यावर माणूस आडवा होईल असं. पोसोले म्हणजे मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा आणि मटणाचा लाल रस्सा. तमाले म्हणजे सारण भरून, कणसाच्या सालपटात बांधून वाफवलेलं मक्याचं पीठ. आणि मोले... मोलेबद्दल पुढे सांगते. आधी जरा बसून घ्या.

पहिला बॉम्ब पोसोलेचाच आहे. मका शिजवताना त्यात हे लोक चक्क चुना घालतात. पानाला लावतात तोच. किलोभर वाळक्या पांढऱ्या मक्याला साधारण दहा ग्रॅम. उकळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी दाणे चोळून चोळून सालं काढायची, चार-पाच पाण्यांतून धुवायचं आणि मग दाणा फुलासारखा उमलेपर्यंत दोन-तीन तास शिजवायचं. मुळशीत आजवर चुना जमिनीच्या व्यवहारात लावायचे. 2018 साली प्रवीण तरडे यांनी त्यावर 'मुळशी पॅटर्न' हा अख्खा सिनेमा काढला. आता तो मक्याला लावू लागलेत, याला प्रगती म्हणायचं की काय ते तुम्हीच ठरवा.

पण गंमत अशी की या चुन्यात अक्कल आहे. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अशा बंधात अडकलेलं असतं की नुसता मका खाल्ला तर ते अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षांपासून मक्याला चुना लावत आल्यात. युरोपातल्या शहाण्यांनी जहाजं भरून मका नेला आणि चुना तिथेच सोडला. मग इटलीतल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. अंगाची कातडी सोलली, डोकी फिरली. बघा, कृती अर्धी उचलली की काय होतं ते! त्या बंगल्यावरही एका उत्साही वहिनींनी म्हणे रस्त्यावरच्या गाडीवरचा स्वीटकॉर्न आणून टाकला. दाणे उमलायचे सोडून विरघळले आणि पोसोलेचं गोडसर सूप झालं. ते सगळ्यांनी 'इंटरेस्टिंग' म्हणत संपवलं.

आता खरं पाप ऐका. मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतात पोसोले खायचा मानाचा वार कुठला? गुरुवार! दत्ताचा वार, अर्धी पेठ उपाशी, आणि तिकडे डुकराचं मटण घालून पातेली रटरटतात. हे कळल्यावर बंगल्यावरच्या ग्रुपमधल्या काकांनी कानाला हात लावले आणि आपल्याकडे शनिवारीच करायचं असं ठणकावलं. शनिवारी मारुतीचं काय, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मोले. बसलात ना? कोंबडीच्या रश्शात चॉकलेट. हो, चॉकलेटच. सुक्या मिरच्या भाजून भिजवायच्या, त्यात तीळ, शेंगदाणे, बेदाणे, लवंग, दालचिनी, मिरी, करपवलेल्या भाकरीचा तुकडा, सगळं वाटून तेलात परतायचं आणि शेवटी कडू चॉकलेटचे दोन तुकडे. प्वेब्ला शहरातल्या सांता रोसा मठातल्या जोगिणींनी ते पहिल्यांदा केलं, अशी दंतकथा आहे. हे ऐकून सदाशिव पेठेतून आलेल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. "रश्शात गोड? शी!" ही बाई गेली साठ वर्षं रोज आमटीत गूळ घालते. पण तो गूळ, आणि हे चॉकलेट. गुळाला संस्कार असतात.

मेक्सिकोतल्या त्या आंचो आणि ग्वाहियो मिरच्या आणायच्या तर भाव ऐकून गाडी परत फिरवावी लागते. म्हणून रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला संकेश्वरी, असा तह झालाय. काळ्या बीन्सऐवजी कोरेगावचा वाघ्या घेवडा. कुणी नाक मुरडायचं कारण नाही, जात एकच आहे, नुसता सातारी पत्ता. मेक्सिकन लोक घेवडा शिजवताना वायू होऊ नये म्हणून एपासोते नावाचा पाला टाकतात. मावशींनी न विचारता हिंग टाकला. चाळीस माणसं आणि दोनच बाथरूम, तेव्हा मावशींचे उपकार मानावेत तितके थोडे.

हद्द झाली ती आंबेमोहराची. मुळशीचा आंबेमोहर! भात शिजला की गल्लीला कळावं असा. तो यांनी टोमॅटोच्या रसात परतून मेक्सिकन तांबडा भात करायला घेतला. त्या भाताला मोकळा, लांब दाणा लागतो. आंबेमोहर आखूड आणि मऊ, त्याचा व्हायचा तो लाल गोळा झाला. शेवटी एकीला सुचलं की तिकडे दुधात दालचिनी घालून तांदळाची खीर करतात. उरलेला आंबेमोहर त्यात गेला आणि पातेलं घासायची गरज उरली नाही. तालुक्याची अब्रू अशी खिरीनं वाचवली.

आता तुम्ही म्हणाल, हे परकं खाणं आपल्या मातीत हवंच कशाला? अगदी हेच एक काकू तावातावानं म्हणाल्या. "आम्ही बाई आपलं सात्त्विक खातो. एकादशीला तर काटेकोर." बरं. एकादशीचं ताट बघू या. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिथलाच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिथलाच. रताळं अमेरिकेतलं. हिरवी मिरची मेक्सिकोची. उरला राजगिरा. मेक्सिकोतले आझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे आणि सणाला त्याच प्रसाद म्हणून खायचे. आजही मेक्सिकोच्या रस्त्यावर राजगिऱ्याची वडी विकतात, आपल्यासारखीच. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत सोवळ्यात असतो, त्याच दिवशी ताटात अमेरिका खंड भरगच्च वाढलेला असतो. वर सीताफळ आणि चिकू, तेही तिकडचेच. पोर्तुगीज गोव्याला उतरले आणि आपली भूक बदलून गेले.

आणि पोळी? ती तरी आपली? 1966 साली भारतानं मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. नॉर्मन बोरलॉग यांनी तिथे तयार केलेल्या बुटक्या, भरघोस जाती. कल्याणसोना आणि सोनालिका त्याच घराण्यातल्या. तेव्हा पोळीच्या माहेरची चौकशी फार खोलात करू नये.

मेक्सिकोनंही हात आखडता घेतला नाही. आपल्या बाजूची चिंच, कोथिंबीर, कागदी लिंबू आणि आंबा त्यांनी असा पोटाशी धरला की आता त्यांच्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. लाल अंबाडीच्या बोंडांचं ते गारेगार सरबत करतात. आपण अंबाडीची भाजी करतो आणि वर लसणाची फोडणी देऊन तिचं तोंड बंद करतो.

एका मराठी माणसाचं नाव मात्र या गप्पांत यायलाच हवं, आणि ते बंगल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं, हे मला जास्त लागलं. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे, टिळकांच्या प्रभावातले, गदर पक्षातले क्रांतिकारक. ब्रिटिश मागावर, म्हणून देशोदेशी फिरत 1924 साली मेक्सिकोत पोहोचले. इकडे मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून चाललेला धरणग्रस्तांचा सत्याग्रह तेव्हा शेवटाला आला होता. खानखोजे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं 1928 साली मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक पंगत रंगवली. त्या टेबलाशी बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणजे आमचा हा वर्धेकर. 1967 साली ते नागपुरात वारले. 2022 साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. तेव्हा मेक्सिकोच्या मक्याला मराठी हात लागून जवळपास शंभर वर्षं झाली. पौड रोडला ही बातमी आत्ता पोहोचतेय, कारण वाटेत चांदणी चौक लागतो.

पण मंडळी, हे सगळं किरकोळ. ज्याची कुजबूज सबंध खोऱ्यात चाललीय ते प्रकरण वेगळंच आहे.

पूर्वी कसं होतं? शनिवारी दुपारी हिंजवडीच्या बाजूनं गाड्या यायच्या. मावशी चूल पेटवायच्या, पाट्यावर वाटण वाटायच्या, गावठी कोंबडी शिजवायच्या, पन्नास-साठ भाकऱ्या बडवायच्या. पाहुण्यांनी बाजेवर लोळत दर अर्ध्या तासानं "चुलीवरची चवच वेगळी" एवढं म्हणायचं. सगळे सुखी.

तमालेनं या व्यवस्थेचा पार बट्ट्याबोळ केला. माणशी तीन धरले तरी चाळीस जणांचे 120 तमाले. चुन्यातला मका दळायचा, पीठ तुपात इतकं फेटायचं की त्याची गोळी पाण्यात टाकली तर तरंगली पाहिजे. मग एकेका सालपटावर पीठ थापायचं, सारण भरायचं, दुमडायचं, बांधायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. मेक्सिकोत यासाठी सगळं गोत गोळा होतं आणि त्या दिवसाला तमालादा म्हणतात. मावशी दोन. हात चार. मग उरलेले हात कुणाचे?

सांगते. धरणाच्या रस्त्यावरच्या कणीसवाल्याकडे एक गृहस्थ जाऊन म्हणाले, "कणसं राहू द्या, सालं द्या." त्या गरिबाला वाटलं, साहेबांनी गुरं पाळली. दुसरे एक, ज्यांनी घरी कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, ते मांडी घालून मक्याची सालं चोळताना दिसले. बायको फोटो काढत होती, पुरावा म्हणून. सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार, जे वर्षभर मेंटेनन्सवरून एकमेकांशी बोलत नाहीत, ते शेजारी बसून गाठी मारत होते. कारण तिकडे अशी समजूत आहे की स्वयंपाकघरात कुणी रागावलेलं असेल तर तमाले शिजत नाहीत. भुकेपुढे भले भले अबोले टिकत नाहीत.

आणि मावशी? त्यांनी आधी तळहातांवर थाप थाप करून मक्याची तोर्तिया अशी गोल घडवली की सगळे बघत राहिले. मेक्सिकोतल्या खेड्यांत जुन्या बायका तशीच थापतात. तोर्तियासाठी ऑनलाइन मागवलेलं लोखंडी यंत्र कोपऱ्यात पडून राहिलं. मग वाफेच्या पातेल्याच्या तळाशी त्यांनी एक नाणं टाकायला लावलं. ही युक्ती मेक्सिकोतली, पण सांगताच मावशींना पटली. उकळत्या पाण्यात नाणं खुळखुळतं, खुळखुळ थांबली की पाणी संपलं. एवढं करून त्या बाजेवर जाऊन बसल्या. चहा मागवला. दर अर्ध्या तासानं म्हणू लागल्या, "चुलीवरची चवच येगळी, न्हाई का?"

हा बोभाटा आहे, कळलं? मुळशीत इतकी वर्षं इतकी पातेली रटरटली, पण पाहुण्यांच्या हाताला कधी पीठ लागलं नव्हतं. लोक मेक्सिकोला नावं ठेवतायत, चॉकलेटला नावं ठेवतायत. खरी धास्ती ही आहे की हे वेड टिकलं तर शनिवारी बाजेवर लोळायला उरणार कोण? चाळीस माणसांचं जेवण चाळीस माणसांनी करायचं, ही कल्पनाच मुळी धोकादायक. आज तमाले बांधतील, उद्या घरी जाऊन मोदक वळतील, परवा भांडी घासतील. समाजरचनेचं काय?

थंडीत आता खड्ड्यातलं मटण करायचं घाटतंय, बार्बाकोआ म्हणतात त्याला. जमिनीत खड्डा, निखारे, पानांत गुंडाळलेलं मटण आणि खाली रस झेलायला चण्या-तांदळाचं भांडं. पावसात एकदा खणून पाहिला, तर सकाळपर्यंत त्याचं शेततळं झालं. घाट उतरून रायगडात गेलात तर तिथले लोक हिवाळ्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटी लावतात. ते यांची खड्ड्याची कौतुकं ऐकून नुसते गालात हसतील.

जाता जाता सावध करून ठेवते. मेक्सिकोत 6 जानेवारीला एक गोल, गोड पाव कापतात. त्यात छोटी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्यानं 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले घालायचे. सगळ्यांना! या ग्रुपला ही प्रथा नुकतीच कळली आहे आणि ती एकमतानं मंजूरही झाली आहे. तेव्हा जानेवारीत पौडकडच्या कुठल्याही बंगल्यावर कुणी हसून पावाचा तुकडा पुढे केला, तर डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणून सांगा आणि गाडी काढा.