हिरव्या दिव्याचे मानकरी

पूर्वी प्रत्येक कॉलनीत पाऊस मोजणारे एक गृहस्थ असत. गच्चीत पर्जन्यमापक ठेवायचा आणि 'रात्री बावीस मिलिमीटर झाला बरं का' असं पेपरवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगायचं, हे त्यांचं काम. आता ती गादी सोलरकाका चालवतात.

आमच्या सांगलीच्या कॉलनीतले सोलरकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं असं कळलं आणि काकांच्या गच्चीवर सहा पॅनल बसले. काकूंची कुरडया-पापड वाळवायची जागा गेली. 'खालच्या सावलीत बसून चहा पिता येईल' या आश्वासनावर त्यांची बोळवण झाली. तो चहा अजून व्हायचा आहे, कारण काका गच्चीवर बसतच नाहीत. त्यांचा जीव असतो जिन्याखाली, भिंतीवरच्या इन्व्हर्टरमध्ये.

सकाळी चहाचा कप घेऊन पहिली हजेरी तिथे, देवपूजा नंतर. दिवा हिरवा असला की 'चला, लागला कामाला' म्हणून काका पेपर उघडतात. लाल असला तर चहा गार होतो, पेपर घडीचा राहतो आणि काकू ओळखतात, की आज भाजी आपल्यालाच आणायची आहे.

संध्याकाळी दिवसभराचे युनिट बँकेच्या जुन्या डायरीत उतरवले जातात. तारीख, युनिट, हवामान आणि शेवटी 'शेरा'. नोकरी सुटली तरी शेरा सुटलेला नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा-तेरा युनिट पडले की 'उत्तम'. ढगाळ दिवशी 'असमाधानकारक'. एका जुलैमध्ये सलग चार दिवस 'खुलासा मागवावा' असा शेरा होता. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही.

भेटल्यावर 'कसं काय' विचारायच्या ऐवजी ते 'किती झाले?' असं विचारतात. मागच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांकडेही तीनच किलोवॉट आहे. त्यांना एक युनिट जास्त पडला, की काका रात्री उशिरापर्यंत शेजारच्या नारळाची सावली किती वाजता कुठे पडते याचा विचार करतात. लग्नाला गेले तरी नजर कार्यालयाच्या छपरावर. 'तोंड पश्चिमेला केलंय हो, दक्षिणेला करायला हवं होतं,' हे त्यांनी एकदा वरपित्याला ऐन कन्यादानाच्या वेळी सांगितलं होतं.

मे महिन्यात कोणी 'आता काय, चांदीच!' म्हटलं की काका मंद हसतात. पॅनलची ताकद पंचवीस अंशांवर मोजलेली असते. तो त्याहून तापला की प्रत्येक अंशाला साधारण एक-तृतीयांश टक्का वीज घटते, आणि सांगलीच्या दुपारी तो साठच्या पुढे सहज जातो. 'पॅनलला ऊन आवडतं, उकाडा नाही,' हे काकांचं वाक्य कॉलनीत लहान मुलांनाही पाठ आहे.

पण काका खरे फुलतात ते एरर आल्यावर. इन्व्हर्टरच्या पुस्तकातला एरर कोडचा तक्ता त्यांनी लॅमिनेट करून शेजारी टांगला आहे. कोडचे आकडे कंपनीगणिक वेगळे, म्हणून कॉलनीतल्या बाकीच्या मशिनांचे तक्तेही त्यांनी मिळवून फायलीत लावले आहेत. कोणाच्याही घरून 'काका, लाल दिवा' असा फोन गेला की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, 'घाबरायचं नाही. ते बोलतंय. आधी फोटो काढा!' कारण काका पोहोचेपर्यंत कोड निघून जातो, आणि मग पुराव्याशिवाय बोलायची पाळी येते. ते काकांना मान्य नाही.

सगळ्यात जास्त वेळा येणारा एरर म्हणजे 'ग्रिड नाही'. सरळ अर्थ, लाइट गेली. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, छपरावर सोलर असून काकांच्या घरचा पंखा बंद पडतो. समोरचे गृहस्थ दर वेळी विचारतात, 'काय काका, सूर्य पण लोडशेडिंगवर का?' आणि दर वेळी काका तेवढ्याच तळमळीने समजावतात. बॅटरी नसलेला हा इन्व्हर्टर लाइनच्या विजेशी जुळवून चालतो. लाइन मेली की त्यानेही थांबायचंच. नाहीतर आपल्या छपरावरची वीज तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. 'तो बिचारा कोणाच्या घरचा असतो की नाही?' इथे काकांचा आवाज खरंच हलतो. समोरचे गृहस्थ गप्प होतात, पुढच्या वेळेपर्यंत.

लाइट आल्यावरचा वेळ तर काकांचा अगदी खास. इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठीक आहे ना हे पारखत पडद्यावर सेकंद उलटे मोजतो. त्या काळात जिन्यातून कोणी बोलत जायचं नाही. काकू मुद्दाम तेव्हाच मिक्सर लावतात.

दुसरा एरर 'ग्रिड व्होल्टेज जास्त'. गेल्या वर्षी गल्लीत चार-पाच घरांवर सोलर चढलं आणि दुपारी माणसं कामावर, घरं बंद, वीज वापरायला कोणी नाही. सगळी वीज तारेत. २३० व्होल्टच्या जागी २५८, २६०. इन्व्हर्टर एकेक करून सुटायला लागले. काका त्या दुपारी दारोदार फिरले. 'वहिनी, गीझर लावता का जरा? इस्त्री तरी?' मे महिन्यात गीझर लावायला सांगणारा माणूस उन्हाने बिघडला आहे, असंच एका घरी वाटलं आणि त्यांनी काकांना कोकम सरबत दिलं. काकांनी ते पिऊन त्यांच्याकडची इस्त्री लावून घेतली. शास्त्र त्यांच्या बाजूने होतं; जवळपास वापर वाढला की चढलेला दाब उतरतो. पण इस्त्रीवर गल्ली किती दिवस चालवणार? मग डायरी कामाला आली. तारीख, वेळ, व्होल्टेज, शेरा, अशी महिनाभराची पानं झेरॉक्स करून काकांनी अर्जाला जोडली. वीज कंपनीची माणसं आली, त्यांनी तेच व्होल्टेज मोजलं, ट्रान्सफॉर्मरचा टॅप खाली उतरवला आणि दुपार शांत झाली. त्या दिवशी डायरीत 'समाधानकारक' होतं. 'उत्तम' नव्हतं, कारण चार युनिट बुडाले होते.

तिसरा एरर पावसाळ्यातला, 'इन्सुलेशन कमी'. हा लबाड. सकाळी सातला यायचा, ऊन पडून दहा वाजले की आपोआप जायचा. दुरुस्तीचा मुलगा बारा वाजता मोटरसायकलवरून यायचा आणि म्हणायचा, 'काका, चालू आहे की!' काका फोटो दाखवायचे. मुलगा चहा पिऊन जायचा. असं बरेचदा झाल्यावर काकांनी त्याला पहाटेच बोलावून घेतलं, पोह्यांच्या आमिषावर. दोघं ओल्या गच्चीवर गेले. एका वायरचं वरचं आवरण कुरतडलेलं, आणि ती वायर नेमकी साचलेल्या पाण्यात. ओलावा असेपर्यंत वीज जमिनीकडे पाझरते आणि मशीन ते ओळखून सुरूच होत नाही. वाळलं की सगळं आलबेल. कुरतडली कोणी? तर खारीने. आणि ती खार गच्चीवर रोज येते कशाला? तर काकू तिला शेंगदाणे घालतात. त्या घरात दोन दिवस फारसं संभाषण झालं नाही. तिसऱ्या दिवशी वायर बदलून पाइपात गेली आणि शेंगदाण्यांची वाटी मागच्या अंगणात. खार बंद करण्याचा प्रस्ताव मात्र काकूंनी पहिल्याच वाचनात फेटाळला.

चौथा प्रकार तक्त्यात नाही. काका बेळगावला भाचीच्या लग्नात असताना मोबाइलवर प्लांट 'ऑफलाइन' दिसला. अक्षता पडत होत्या आणि काका मंडपामागून मला फोन करत होते, 'जरा बघता का, जीव आहे का त्यात?' जिन्याखाली हिरवा दिवा शांतपणे चालू. वीजही बनत होती. नातवाने वायफायचा पासवर्ड बदलला होता, एवढंच. काकांना सांगितलं तेव्हा पलीकडून मोठा सुस्कारा आला आणि मागून काकूंचा आवाज, 'आता तरी मुलीला आशीर्वाद द्या.'

मला काकांची एक गोष्ट फार आवडते. एवढ्या सगळ्या प्रकरणांत त्यांनी आजवर एकही स्क्रू फिरवलेला नाही. सहा पॅनलच्या माळेत उजेडी तीनशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतात, इन्व्हर्टर बंद केला तरी, हे ते विसरत नाहीत. पुस्तकात सांगितलंय तसा आधी एसी बंद, मग डीसी बंद, मग पाच मिनिटं हात मागे बांधून उभे. फार तर एवढंच. बाकी ते बघतात, लिहितात आणि थांबतात. निम्मे एरर थांबण्यानेच जातात आणि उरलेले लिहून ठेवल्याने सापडतात. पहिल्या निम्म्यांचं श्रेयही काका स्वतःकडे घेतात, पण इतक्या जागरणाची तेवढी मजुरी द्यायला हरकत नाही.

तुमच्याही कॉलनीत असे एक काका असतीलच. इन्व्हर्टरवर लाल दिवा दिसला तर कोडचा फोटो काढा, वेळ लिहा, वायरला हात लावू नका आणि त्यांना हाक मारा. फक्त त्याआधी गॅसवर दूध ठेवलेलं नाही ना, ते बघा.