भुईचक्र

मी पुलांचा इंजिनिअर आहे. वीस वर्षांत माझा एकही पूल उडालेला नाही, हे मी कुठेही, न विचारता सांगत असे. गेल्या एप्रिलपासून बंद केलंय. घरातून लगेच पुढचं वाक्य येतं, 'तुझं रॉकेटही नाही.'

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. मॉडेल रॉकेट हा त्यांचा पन्नास वर्षांचा नाद. लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला त्यांनी तिला किट दिलं: पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं नाक, इवलंसं पॅराशूट आणि बाल्सा लाकडाच्या पातळ फळीतून कापलेले तीन फिन. मी लगोलग तसंच दुसरं किट घेऊन आलो. 'तिला सोबत' म्हणून.

फिन म्हणजे बाणाच्या मागची पिसं. ती नसतील तर बाण कुठेही जातो, माझ्या घराकडेसुद्धा. मॉडेल रॉकेटांच्या या खेळाचा जनक म्हणजे नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा ऑरव्हिल कार्लाइल. त्याने 1954 साली आपलं पहिलं मॉडेल रॉकेट केलं तेव्हा तो बुटांचं दुकान चालवत होता. हे वाचून मला फार धीर आला. चपलाविक्याला जमतं, मी तर स्ट्रक्चरल!

लेकीने तिच्या फिनच्या पुढच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, मागच्या निमुळत्या केल्या, पिवळ्या सुतारी गोंदाने ते नळीला चिकटवले, सांध्यात बोटाने गोंद ओढला आणि ती सायकल घेऊन गेली. एकूण वेळ, मधलं पेरू खाणं धरून, तासभर.

मी मात्र बाल्सा हातात घेऊन बघतच राहिलो. वनस्पतिशास्त्रात हे 'हार्डवूड'. रुंद पानांचं झाड ना, म्हणून. प्रत्यक्षात अंगठ्याचं नख सहज रुततं. याच लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून 1947 साली थॉर हायरडाल पेरूहून निघून 101 दिवसांत पॉलिनेशियाला पोचला म्हणे. समुद्राचं ठीक आहे. माझ्या हातातला फिन शिंकेनेही मोडला असता. शिवाय बाल्सा रंग पितो, कितीही द्या, आणि वर लाकडाचे रेषे उभेच्या उभे. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. त्याला झोपवायला हवं होतं.

आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. लाकडाची लांबी पाण्यात पातळ करून मी फिनच्या एका बाजूला फासली. दुसरी बाजू जेवण झाल्यावर. जेवून आलो तर तिन्ही फिन उन्हात टाकलेल्या पापडासारखे वळलेले. दोन्ही बाजूंना एकाच वेळी ओल लागली पाहिजे, हे ज्ञान मला वरणभातानंतर झालं.

नवी फळी आणून नवे फिन कापले. तेही आडव्या रेषांचे! लाकडाचे रेषे फिनच्या पुढच्या कडेला समांतर हवेत. माझे नळीला समांतर होते, त्यामुळे जरा दाबून बघितल्याबरोबर पहिला फिन खारी बिस्किटासारखा सुटला. तिसरी फळी.

या खेपेला मी दोन्ही अंगांना गोंदाने कागद चढवला आणि सगळं रात्रभर मोल्सवर्थच्या शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. बाबांनी मुंबईहून कार्गोने पाठवलेला हा कोश आमच्या घरी पहिल्यांदाच कामी आला. सकाळी फिन ताठ, सपाट, कडक. खरं सांगायचं तर इथे थांबायला हरकत नव्हती. चांगले जाणकारही इथेच थांबतात. मी कडा उरल्या म्हणून पातळ सुपरग्लू घेतला. कडांत जिरवला, थोडा सुती कुडत्यावर सांडला. सुपरग्लू सुती कापडाला लागला की तापतो. हे मला पोटावरून कळलं. पांढरा धूर निघाला. कुडता उतरवताना दोन बोटं त्याला चिकटली. बायकोने नेलपॉलिश रिमूव्हरने सोडवली आणि फक्त एवढंच म्हणाली, 'वाढदिवस कुणाचा होता?'

मग सांध्यात इपॉक्सीचे तीन थर. प्रायमर, घासणं, प्रायमर, घासणं, लाल रंगाचे पाच हात, वर लॅकर. फिनमध्ये मला माझ्या मिशा दिसू लागल्या.

'बाबा, पुरे ना,' लेक म्हणाली.

आजोबांनी सांगितलं होतं, मोटर बसवून रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांध आणि डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे राहिलं तर सगळं ठीक. मी अंगणात फिरवलं. शेपूट पुढे राहिलं. मी विचार केला, दोरी चुकीची बांधली असणार.

उड्डाणाच्या मैदानावर लेकीने ए 8-3 मोटर लावली, शिस्तीत पंधरा फूट मागे जाऊन उलटी गणती केली. सुंई! ठिपक्याएवढं झालं आणि पॅराशूटला लटकत सावकाश खाली आलं.

मी सी 6-5 लावली. सी म्हणजे ताकद, सहा म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा जोर, पाच म्हणजे जळण संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूटचा बार. ती ए पेक्षा जड, आणि तीही बसते शेपटातच. बटण दाबलं. रॉकेट रॉडवरून सुटलं, घराएवढं उंच गेलं, थबकलं, वळलं आणि दिवाळीतल्या भुईचक्राने जिद्दीने आकाशात जायचं ठरवावं तसं गरगरत मक्याच्या धसकटांत शिरलं. सगळे गप्प. मग जमिनीवर पडल्या पडल्या त्याने, आपलं काम चोख करावं म्हणून, फट्ट करून पॅराशूट बाहेर टाकलं.

घरी आजोबांनी दोन्ही रॉकेटं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. लेकीचं 38 ग्रॅम, माझं 66. जादा वजन बहुतेक सगळं मागे. रॉकेटचा गुरुत्वमध्य, जिथे हवेचा दाब एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या व्यासाएवढा पुढे, असावा लागतो. माझा मागे घसरला होता. नाकात थोडी माती भरली असती तरी वाचलं असतं, आजोबा म्हणाले. माझ्याकडे बघून 'माती' या शब्दावर ते जरा थांबले, असं मला वाटलं.

नळीचा चोळामोळा झाला होता, नाक हरवलं होतं. फिनना ओरखडाही नव्हता.

रात्री सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. 'उडालं का रे?' मी काही न बोलता फिन कॅमेऱ्यासमोर धरले.

'अगंबाई,' आई म्हणाली, 'काय गुळगुळीत झालेत!'