पवईचा पुनर्विकास

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्या माणसाला पुनर्विकास समजावून सांगावा लागत नाही. जुनी इमारत पाडणार, टॉवर उठणार, मधल्या काळात भाडं आणि भांडणं. आमच्या सोसायटीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मीटिंगमध्ये आवाज चढले की ते शांतपणे म्हणतात, "पवईच्या तलावात हेच चाललंय. तिथे बिल्डरसुद्धा लागत नाही."

पवई इथून लिंक रोडने पंधरा मिनिटांवर, रस्ता मोकळा असेल तर. म्हणजे पहाटे चार वाजता.

सरांचं म्हणणं असं की उथळ गोडं तळं हळूहळू आपलं आपणच बुजत जातं. आधी सूक्ष्म शेवाळं. ती मरून तळाशी साचली की हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वनस्पती येतात. त्या गाळ अडवतात, पाणी आणखी उथळ होतं, मग चिखलात मुळं रोवून पानं वर पसरणारी कमळं. कमळांच्या सावलीत खालच्या बिचाऱ्यांना ऊन मिळेनासं होतं. मग काठाकडून पाणकणीस आणि लव्हाळे आत सरकतात, त्यांच्यामागून गवत, झुडपं, आणि शेवटी झाडं. प्रत्येक बिऱ्हाड पुढच्याची सोय करतं आणि त्या सोयीपायीच स्वतः रस्त्यावर येतं. हे सारं ठरलेल्या क्रमानं एका अंतिम मुक्कामाला पोचतं, असं फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१६ साली जाडजूड ग्रंथात मांडलं. दहा वर्षांनी हेन्री ग्लीसन हा दुसरा शास्त्रज्ञ म्हणाला, कसला क्रम? ज्याचं बी पडलं आणि ज्याला तिथलं मानवलं, तो राहिला. आमच्या मीटिंगा पाहिल्यापासून मी ग्लीसनच्या बाजूचा आहे.

त्यात पवईची गंमत निराळी. हे तळं मुळात तळं नव्हतंच. इंग्रजांनी मुंबईच्या पाण्यासाठी इथे बांध घातला आणि १८९१ मध्ये तलाव झाला. पाणी पिण्यालायक निघालं नाही, ही गोष्ट वेगळी. त्याआधी इथे दरी होती, फ्रामजी कावसजी नावाच्या गृहस्थांची इस्टेट होती. म्हणजे पाणकणीस तलाव गिळतंय म्हणून आपण हळहळतो, पण त्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ते जुन्या जागेचा ताबा मागतंय. कागदपत्रं त्याच्याच बाजूनं आहेत.

एवढ्यात जलपर्णी मध्ये घुसली. मूळची दक्षिण अमेरिकेची. फूल सुंदर म्हणून शौकिनांनी जगभर नेली. फूल खरोखरच सुंदर आहे: फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, वरच्या पाकळीवर निळ्या डागात पिवळा ठिपका, थेट मोरपिसाचा डोळा. काठाला लागलेलं एक रोप मी उचलून पाहिलं. देठ फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा, आत नुसती हवा. खाली काळपट मुळांची झुपकेदार दाढी, तिच्यातून पाणी ठिबकतंय. तिला ना चिखल लागतो, ना आधीच्या कुणी केलेली सोय. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस तरंगत तरंगत खायचं आणि अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट व्हायचं. क्लेमेंट्सच्या रांगेत ती उभीच राहत नाही.

खालच्यांचं ऊन जातं, पाण्यातला प्राणवायू घटतो. खूश फक्त कमळपक्षी. लांबलचक बोटं टाकत तो त्या हिरव्या गालिच्यावरून असा चालतो की जणू कार्पेट एरियाच मोजतोय. माझ्या भाच्यानं तर काठावर उभं राहून विचारलं होतं, "मामा, इथे क्रिकेट खेळू देतात?"

दरवर्षी यंत्रं येतात, जलपर्णी उपसून काठावर ढीग घालतात, पाणी दिसू लागतं. एकदा मी सरांना म्हटलं, "चला, तलाव मोकळा झाला." ते म्हणाले, "अहो, तिच्या बिया चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतात. तुम्ही जागा खाली करून घेतलीत, भाडेकरू तळघरात आहे. आणि वरून सांडपाणी येतंय तोवर त्याचा डबाही चालू आहे."