गोणीचा फोटो

सध्या वाशीतला कुणी प्राध्यापक भेटला, तर ‘यंदा काय शिकवताय?’ असं विचारू नका, तो गडबडतो. ‘मॅपिंग झालं का?’ असं विचारा. मॅपिंग हा एक तक्ता असतो. उभ्या रकान्यात विषय शिकून काय यायला हवं ते, आडव्यात पदवी घेऊन काय यायला हवं ते, आणि दोन्ही जिथं एकमेकांना छेदतात त्या चौकोनात १, २ किंवा ३. उष्मागतिकीचं ‘आयुष्यभर शिकत राहण्या’शी नातं दोनाचं की तिनाचं, हे बहुधा चहा येण्याआधी ठरतं.

मग येते अटेनमेंट, म्हणजे उद्दिष्ट किती गाठलं त्याचं तीनपैकी माप. साठ टक्के मुलांना निम्म्याहून अधिक गुण मिळावेत, असं उद्दिष्ट प्राध्यापकच ठरवतो. अंतर्गत परीक्षेचा पेपर तोच काढतो, तोच तपासतो, आणि उद्दिष्ट गाठलं का हेही तोच मोजतो. पूर्ण ३ आले तर पुढच्या वर्षी उद्दिष्ट वाढवा, १.२ आले तर सुधारणेचा अहवाल लिहा. म्हणून मुरलेल्या माणसाचे नेहमी २.४ येतात. माझ्या ओळखीचे एक सर २.४ आधी लिहून घेतात आणि एक्सेल उलटं चालवत मुलांच्या गुणांपर्यंत येतात. मुलांची त्याबद्दल तक्रार नाही, कारण उलट येतानाही सगळे पास होतात.

प्रश्नपत्रिकाही सुधारली आहे. १९५६ साली शिकागोच्या बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्या चढायला आपल्याकडे जिना नाही, लिफ्ट आहे. ‘बँकेची कार्ये लिहा’ हा प्रश्न खोडून ‘बँकेच्या कार्यांचे विश्लेषण करा’ असं लिहिलं की विद्यार्थी पहिल्या मजल्यावरून थेट चौथ्यावर. उत्तर तेच असतं, गाइडमधलं, आठ मुद्द्यांचं. आठवा मुद्दा ‘इतर’.

राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ रोजी नव्या शैक्षणिक धोरणाचा शासन निर्णय काढला आणि आद्याक्षरांचा पाऊस पडला. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. आता पालकसभेत आया ‘आमच्या हिचं व्हीईसी राहिलंय’ असं डॉक्टरांकडे सांगावं तशा सुरात सांगतात. यातलं ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, एकूण १२० तास. हे तास बहुतेक मुलं मामाच्या ऑफिसात भरतात. मामा लेटरहेडवर लिहून देतो, भाच्याला मात्र ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे ते विचारावं लागतं.

खरं तर काम करत शिकण्याची कल्पना वाशीला नवी वाटू नये. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं कॉलेज इथंच आहे. ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या अण्णांनी पोरांना अंगमेहनत करायला लावून शिकवलं आणि त्याची क्रेडिट कुठल्याही पोर्टलवर चढवली नाहीत. आजच्या नियमानं ती सगळी पिढी अपूर्ण धरावी लागेल.

मामा नसलेल्या मुलांना क्षेत्रभेटीसाठी बाजार समितीत नेतात. (लोक त्याला वाशी मार्केट म्हणतात, ते आहे तुर्भ्यात, पण भूगोल या सत्रात नाही.) कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मुलं रांगेत उभी राहतात, फोटो होतो आणि सगळे वडापावकडे वळतात. दोन मिनिटं थांबली असती, तर मूल्यमापन म्हणजे काय ते दिसलं असतं. व्यापारी येतो, गोणीचं तोंड उघडून वरचे कांदे बाजूला सारतो, कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातला कांदा काढतो. दाबतो, वास घेतो, पापुद्रा चोळतो. गोल्टी किती, जोड किती, कोंब फुटलाय का, हे त्याला बोटांनी कळतं. मग भाव बोलतो. चुकला तर नुकसान त्याचंच, म्हणून सहसा चुकत नाही.

उद्या या गाळ्यावर आपली पद्धत आली, तर गोणीत हात घालायला मनाई होईल. शेतकऱ्यानं आधी कांद्याची अपेक्षित निष्पत्ती लिहून द्यायची: ‘हंगामाच्या शेवटी कांदा डोळ्यांत पाणी आणू शकेल.’ दलालानं त्यापुढे २.४ लिहायचं. गोणीचा चारी बाजूंनी फोटो काढायचा, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ हवी. आतला कांदा नासला असेल तरी चालेल, फोटो अस्पष्ट नको. दर पाच वर्षांनी समिती येईल. त्या दिवशी गाळा रंगवलेला असेल, माथाडी टायमध्ये असतील आणि स्वागताला रांगोळी असेल. कांद्याची.

ही समिती नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची. १९९४ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या या परिषदेला प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो. संशय योग्यच आहे, कॉलेजं न झालेली चर्चासत्रं भरवण्यात पटाईत आहेत. पण २०२५च्या फेब्रुवारीत गुंटूरच्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीच्याच सदस्यांना अटक केली. जप्तीत रोकड, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप. एवढ्या ठोस भौतिक पुराव्यानिशी मूल्यमापन शिक्षणक्षेत्रात क्वचितच झालं असेल.

नव्या मूल्यमापनाचा आपल्याकडचा सर्वात मोठा प्रयोग मात्र २०१७चा. दहावी-बारावीच्या मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे, त्यामुळे गुणपडताळणीच्या रांगा वाशीकराला पाठ आहेत. पण तो उन्हाळा त्यालाही नवा होता. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहायला नकोत, बेरीज चुकायला नको, गुण बदलायला वाव नको. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, ४७७ निकाल. स्कॅन करायला यंत्र होतं, बारकोड होते, बेरजेला सॉफ्टवेअर होतं. एकच काम यंत्राकडे नव्हतं, ते म्हणजे उत्तर वाचणं. आणि नेमकं त्यालाच वेळ लागतो, हे वेळापत्रक आखताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढं सर्व्हर बसला, प्राध्यापक बसून राहिले. कुलपती असलेल्या राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली. निकाल लावता यावेत म्हणून शिकवणं थांबवलं गेलं, म्हणजे मागच्या वर्षी काय शिकवलं ते कळण्यासाठी यंदा न शिकवणं. बाहेरच्या विद्यापीठांतून तपासनीस घेतले. काही उत्तरपत्रिका सापडेनात. ३१ जुलै येऊन गेला, गणपती येऊन गेले. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत होती, विधी शाखेची मुलं सप्टेंबरातही न्यायाच्या प्रतीक्षेत होती. २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. १८५७ सालच्या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडलं. त्या वर्षी वेळेत कुणाचा निकाल लागला असेल, तर तो त्यांचाच.

तेव्हापासून धोरणकर्त्यांनी धडा घेतलेला दिसतो: वाचण्यानं उशीर होतो, तर वाचणंच कमी करा. सेक्टर १७मधल्या झेरॉक्सवाल्याला विचारा, तो प्रोजेक्टची ब्लॅकबुकं बांधतो. सोनेरी अक्षरं सरळ आली की नाहीत एवढं विद्यार्थी बघतो, जाडी किती एवढं परीक्षक बघतो. आता चॅटजीपीटी आलाय. प्रश्न तोच काढतो, उत्तर तोच लिहितो, तपासायलाही त्यालाच बसवतात. तिघांत कधी मतभेद होत नाहीत, निकाल वेळेवर लागतो.

अशात वाशीच्याच एका कॉलेजात एक मॅडम आहेत, त्या अजून पानं वाचतात. बाजार समितीवरच्या एका अहवालात त्यांना ‘मूल्यसाखळीतील भागधारकांचे सक्षमीकरण’ असं दिसलं. त्यांनी समासात लाल पेनानं विचारलं, ‘कोण रे हे? तुला भेटले का?’ पोरगा म्हणाला, ‘मॅडम, आपण तर वडापाव खायला गेलो होतो.’ मग तो एकटाच पहाटे चारला गेला. गोणी कोण उचलतं, हमाली कुणाच्या पट्टीतून कापतात, नासलेला माल कुणाच्या डोक्यावर बसतो, हे विचारून आला आणि वर्गात मॅडमशीच भांडला. सगळा वर्ग त्यात पडला. तास संपल्याची घंटा झाली ती कुणाला कळली नाही.

या तासाचा जिओटॅग फोटो नाही. पाठ नियोजनात त्या दिवशी ‘विपणन मिश्रण, भाग दोन’ होता, तो झालेला नाही. मॅडमकडून खुलासा मागवला आहे, तीन प्रतींत, आणि तो कुठल्या निष्पत्तीशी जोडला आहे ते नमूद करून.