उशीच्या बदल्यात

गोव्याला जाताना आत्याची एकच अट होती, मंगेशी आणि शांतादुर्गा चुकवायची नाही. माझी अट जुन्या गोव्याची. सौदा जमला. आत्या मिरजेची, घासाघीस न करता तिनं आयुष्यात फक्त लग्न केलं, आणि ते फसलं असं ती काकांसमोरच सांगते.

मी महिनाभर वाचून वही भरली होती. बॉम जीझस चर्चसमोर उतरलो. 1605 सालापासून उभी असलेली, जागतिक वारसा यादीत मिरवणारी ती वास्तू पाहून माझा ऊर भरून आला.

"बांधायचं राहिलंय का रे?" आत्या म्हणाली. "चिरा उघडाच आहे. गिलावा कुठाय?"

गिलावा होता, पण 1950 च्या दशकात पोर्तुगीजांनी तो मुद्दाम खरवडून काढला, हे मी वहीत बघून सांगितलं.

"जांभा उघडा टाकला? गोव्याच्या पावसात? मिस्त्री कोण होता?"

पावसानं चिरा झिजतोय, गिलावा परत लावा, अशी मागणी हल्ली होऊ लागली आहे. ते मी तिला सांगितलं नाही. अजून दिवस काढायचा होता.

दारात तिनं चपला काढल्या आणि चप्पल स्टँड शोधू लागली. रखवालदार म्हणाला, घालून गेलं तरी चालतं. देवाकडे चपला घालून जायचं, ही कल्पना तिला पेलवेना. पिशवीत ठेवायच्या तर तिथे मंगेशीचा प्रसाद. तेव्हा चपला माझ्या हातात आल्या. पुढची सगळी कलासमीक्षा मी एका हातात वही आणि दुसऱ्या हातात आत्याच्या चपला घेऊन केली.

आत सोन्यानं झळाळणारी भलीमोठी वेदी. हे चर्च बाळ येशूचं, म्हणून मी तिला तो दाखवला. तो खाली, इवलासा. त्याच्यावर इग्नेशियस लॉयोला, जेझुइट पंथाचे संस्थापक, चांगले धिप्पाड.

"म्हणजे सातबारा बाळाच्या नावावर," आत्या म्हणाली, "आणि कब्जा कुळाचा."

यावर वहीत काहीच नव्हतं.

मग सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी. गोंयचो सायब. 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, 1554 साली गोव्यात आणले गेले. वर चांदीची पेटी, ती गोव्याच्याच सोनारांनी सतराव्या शतकात घडवली. हे ऐकून आत्यानं मान डोलावली, जणू त्यातला एक सोनार आमच्या भावकीतला होता. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीहून आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो, त्यानं फोगिनी या शिल्पकाराकडून करवून घेतला. दहा वर्षं काम चाललं, 1698 मध्ये तो इथे बसवला.

"फुकट दिला?"

"नाही. संतांच्या डोक्याखालची उशी त्याला मिळाली होती, तिच्या बदल्यात, असं सांगतात."

आत्या खांबाला टेकली. गेली चाळीस वर्षं ती दारावरच्या बोहारणीशी भांडते आहे. दोन जरीच्या साड्या आणि काकांची नवीकोरी पँट घालूनही तिला झाकणाच्या डब्यापुढे मजल मारता आली नव्हती.

"एका उशीवर अख्खी समाधी," ती हळूच म्हणाली. "वापरलेली उशी!"

पुढे मी काय सांगितलं ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. 1614 साली संतांचा उजवा हात रोमला पाठवला, एका बाईनं तर भक्तीच्या भरात पायाचं बोट दातानं तोडलं म्हणतात, दर दहा वर्षांनी दर्शनासाठी पेटी खाली उतरवतात, मागची वेळ 2024 ची. फक्त शेवटच्या वाक्याला तिनं हिशेब केला. "चौतीस साली मी अठ्ठ्याऐंशीची. जपून राहायला हवं."

मग गेलो सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात. तिथे चांदीचा पेलिकन पाहायला मिळतो. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पक्षी, ख्रिस्ताच्या बलिदानाचं प्रतीक. आत्या त्याच्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

"आणि पिल्लं बघ," ती म्हणाली. "एक तरी बस म्हणतंय का?"

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला दुसऱ्या हातात घेतल्या.

निघताना चर्चबाहेर मेणाचे हात-पाय विकायला होते. नवसाचे. आपल्याकडच्या चांदीच्या डोळ्यांसारखेच. आत्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. गुडघ्यासाठी तिनं एक पाय घेतला, भाव पाडून, आणि परत चर्चमध्ये जाऊन वाहून आली. चपला अर्थातच माझ्याकडे.

मिरजेला पोचल्यावर चौथ्या दिवशी बोहारीण आली. आत्यानं काकांची उशी पुढे केली. कोसिमोचं नाव सांगितलं, समाधीचं वर्णन केलं, काकांना बाहेर बोलावून उभंही केलं.

चहाची गाळणी मिळाली. बारीक जाळीची.